दुसरी गाडी, स्वस्त गाडी आणि खात्रीची किंमत

थोडी लांब पोस्ट आहे. हिशोब आहेत, म्हणून लांब. ज्यांच्या घरात सध्या "ऑफिसला जायला एक छोटी गाडी घेऊन टाकू" हा विषय चालू आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

माझं म्हणणं आधीच सांगते, म्हणजे भांडायचं त्यांना लगेच भांडता येईल. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात येणारी दुसरी, स्वस्त गाडी हा एक कर आहे. शहराने जी सेवा द्यायला हवी होती ती दिली नाही, म्हणून आपण खासगीत भरलेला कर. आणि गंमत बघा, हा कर आपण हप्त्याने भरतो, वर पेढे वाटतो, गाडीला हार घालून फोटोही टाकतो.

आमची परिस्थिती सांगते. घर वारज्यात. नवऱ्याचं ऑफिस हिंजवडीला, माझं खराडीला. घरातली एकुलती एक गाडी त्याच्याबरोबर जाते. मी स्कूटरवर वनाजला जाते, तिथून मेट्रोने रामवाडी, आणि रामवाडीहून रिक्षा. एका ऑफिसला पोचायला तीन वाहनं. हे ऐकलं की प्रत्येक जण एकच सल्ला देतो. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात, "अगं, सेकंडहँड घे एखादी, तीन-साडेतीन लाखात मस्त मिळते." जाऊबाई म्हणतात, "पावसात किती हाल करून घेशील?" सोसायटीतले एक काका तर अर्थमंत्र्यांच्या थाटात सांगतात, "आता जीएसटी कमी झालाय, आत्ता नाही घेतली तर कधी घेणार?"

काकांचं खरं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेस यावरून थेट १८ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी १ जूनपासून पुण्यात पीएमपीचं किमान तिकीट ५ रुपयांवरून १० रुपये झालं आणि मासिक पास ९०० वरून १,५०० वर गेला. बसची भाडेवाढ दहा-अकरा वर्षांनी झाली, डिझेल आणि सीएनजीचे भाव त्या काळात कुठल्या कुठे गेले, त्यामुळे ती अन्यायाची होती असं मी म्हणत नाही. पण एकाच वर्षात, एकाच शहरातल्या माणसाला गाडी स्वस्त झाली आणि बस महाग झाली. त्याने काय करावं अशी आपली अपेक्षा आहे?

असो. आता हिशोब. आमच्या घरात हा कागदावर मांडला, तुम्हीही मांडून बघा.

वारजे ते खराडी साधारण २२ किलोमीटर. जाऊन-येऊन ४४. महिन्याचे २२ दिवस धरले तर ९६८ किलोमीटर. शहरातल्या गर्दीत जुनी छोटी पेट्रोल गाडी लिटरला १५ देते असं धरा, म्हणजे ६५ लिटर. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर ६,७०० रुपये. साडेतीन लाखांची गाडी, एक लाख रोख आणि अडीच लाख कर्ज. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त लागतं, १२ टक्के धरू. पाच वर्षांचा हप्ता ५,५६० रुपये. विमा महिन्याला ८५०. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी मिळून १,५००. सोसायटीत दुसऱ्या गाडीच्या पार्किंगचे ५००. सुरुवातीला भरलेले लाख रुपये आणि पाच वर्षांनी गाडी विकून येणारे पैसे एकमेकांत वजा धरून सोडून देऊ.

बेरीज होते १५,११०. एका फेरीचे ३४३ रुपये.

आता सध्याचा प्रवास. मेट्रोचे तीसेक रुपये. रामवाडीपासून पाच किलोमीटर रिक्षा: पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ या मीटरच्या दराने ८५ रुपये. स्कूटरचं पेट्रोल आणि झीज १० रुपये. एका फेरीचे १२५. महिन्याच्या ४४ फेऱ्यांचे ५,५००.

फरक ९,६०० रुपयांचा, दर महिन्याला. वर्षाला एक लाख पंधरा हजार. आणि वेळ? गाडीने गर्दीच्या वेळी सव्वा ते दीड तास. मेट्रोनेही तेवढाच, स्कूटर लावण्यापासून रिक्षातून उतरण्यापर्यंत सगळं धरून. वर मेट्रोत पुस्तक वाचता येतं. गाडीत फक्त समोरच्याचा मागचा भाग वाचता येतो.

म्हणजे पैसे वाचत नाहीत आणि वेळही वाचत नाही. मग ही दुसरी गाडी इतकी हवीहवीशी का वाटते?

इथेच खरा मुद्दा आहे. गाडी आपल्याला खात्री विकते. संध्याकाळी आठ वाजता रामवाडीला उतरल्यावर... नाही, सकाळचंच घ्या. सकाळी मी उतरते तेव्हा पाच किलोमीटरला रिक्षावाला हो म्हणेल की नाही, मीटर टाकेल की "दीडशे होतील मॅडम" म्हणेल, हे मला माहीत नसतं. संध्याकाळी पाऊस असेल तर ऑफिसच्या दारात रिक्षाच येत नाही. सासूबाईंची सहा वाजताची डॉक्टरांची वेळ असेल तर पोचेन की नाही ही धाकधूक दुपारी तीनपासून सुरू होते. गाडीत गर्दी असते, वैताग असतो, पण "जाता येईल की नाही" हा प्रश्न नसतो. महिन्याचे ९,६०० रुपये आपण त्या एका प्रश्नातून सुटण्यासाठी मोजतो.

पुण्यात खात्रीचा दर हा आहे. महिन्याला ९,६०० रुपये, एका माणसाचे.

आता दुसरी बाजू बघा. पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने मंजुरी दिली, तेव्हाचा खर्च होता ११,४२० कोटी रुपये. मार्च २०२२ मध्ये पहिली गाडी धावली, मार्च २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत पोचली. वनाज ते रामवाडी हा साधारण १५ किलोमीटरचा प्रवास खरोखर उत्तम आहे. स्वच्छ, वेळेवर, थंडगार. मी मेट्रोची चाहती आहे, हे स्पष्ट सांगते. पण माझ्या बाबतीत हा हजारो कोटींचा प्रकल्प एका जुन्या अल्टोपुढे हरायला आलाय. कशामुळे? तर अलीकडचे चार आणि पलीकडचे पाच किलोमीटर. मधल्या पंधरा किलोमीटरवर हजारो कोटी आणि दोन टोकांच्या नऊ किलोमीटरवर राम भरोसे.

जून २०२५ मध्ये केंद्राने वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली या विस्ताराला मंजुरी दिली. १२.७५ किलोमीटर, १३ स्थानकं, ३,६२६ कोटी. चांगलंच आहे. पण पहिला टप्पा मंजुरीपासून रामवाडीला पोचायला सात वर्षांहून जास्त लागली. तोपर्यंत मी काय करायचं? आणि वाघोलीपर्यंत मेट्रो गेल्यावर वाघोलीपुढचा माणूस काय करणार? मेट्रो प्रत्येकाच्या दारात कधीच येणार नाही. जगात कुठेच येत नाही. दारापासून स्थानकापर्यंत आणायचं काम बसचं असतं.

आणि बसच्या बाबतीत आपण काय केलंय? केंद्राच्या नगरविकास खात्याच्या मापदंडानुसार चांगल्या सेवेसाठी एक लाख लोकांमागे ६० बस हव्यात. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून लोकसंख्या होती ४८ लाखांच्या वर. म्हणजे त्या जुन्या लोकसंख्येलाही २,९०० बस हव्या होत्या. पीएमपीच्या ताफ्यात साधारण दोन हजारांच्या आसपास बस असतात, ठेकेदारांच्या धरून. आणि त्या दोन महापालिकांच्या हद्दीबाहेरही जातात. एवढ्यावर ही संस्था रोज दहा लाखांच्या आसपास प्रवासी वाहून नेते. चालक-वाहकांना शिव्या घालण्याआधी हा आकडा लक्षात ठेवा. दोष ताफ्याच्या आकाराचा आहे, आणि तो आकार महापालिका आणि राज्य सरकारच्या तिजोरीत ठरतो.

तिजोरीचा विषय निघाला की लगेच "पीएमपीचा तोटा" हा शब्द येतो. दरवर्षी बातमी येते, पीएमपीला इतका तोटा, महापालिकांवर इतका बोजा. ही तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड ६० आणि ४० टक्के वाटून घेतात. मला एक सांगा, उड्डाणपुलाला कधी तोटा होतो का? गणेशखिंड रस्त्यावरचे विद्यापीठ चौकातले पूल २०२० मध्ये पाडले. बांधून पंधरा वर्षंही झाली नव्हती. गाड्यांसाठी बांधले, आणि मेट्रोसाठी पाडून पुन्हा नव्याने बांधायला घेतले. त्याला कुणी "तोटा" म्हणालं? नाही. तो "विकास" होता, आणि पाडला तोही विकासच. बसने दहा लाख लोकांना कामावर नेलं की तो बोजा.

हे नकळत होतंय असंही नाही. राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण २००६ मध्ये आलं. त्याचा गाभाच हा की रस्ते माणसांना नेण्यासाठी आहेत, वाहनांना नेण्यासाठी नाहीत. त्याच वर्षी कात्रज-स्वारगेट-हडपसर रस्त्यावर देशातला पहिला बीआरटीचा प्रयोग पुण्यात झाला. बससाठी वेगळी मार्गिका. पुढे काय झालं ते आपण पाहिलं. अर्धवट बांधली, दुचाक्या घुसल्या, गाड्या घुसल्या, आणि मग "बीआरटीमुळे कोंडी होते" असा निकाल लागला. मी रोज जाते त्या नगर रस्त्यावरची बीआरटीही टप्प्याटप्प्याने उखडली गेली. एका मार्गिकेतून जाणारी भरलेली बस अडथळा ठरली आणि बाकीच्या मार्गिकांत एकेक माणूस घेऊन उभ्या असलेल्या गाड्या म्हणजे वाहतूक!

२०१८ मध्ये महापालिकेने पार्किंगचं धोरण मंजूर केलं. निवडक रस्त्यांवर पैसे घेऊन पार्किंग, त्यातून सार्वजनिक वाहतुकीला निधी, अशी कल्पना. ती कागदावरच रखडली. मग मार्च २०२२ पासून कित्येक वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. जाब विचारायचा तर कुणाला?

आता आक्षेपांकडे येते. कमेंटमध्ये येणारच आहेत, म्हणून आधीच घेते.

१. "आम्ही रोड टॅक्स भरतो, रस्ता आमच्या बापाचा नसला तरी हक्काचा आहे." भरता, मान्य. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर एकरकमी ११ टक्के. पाच लाखांच्या गाडीला ५५ हजार. मोठा आकडा वाटतो. तो १५ वर्षांचा असतो. भागाकार करा, दिवसाला १० रुपये. बसच्या किमान तिकिटाएवढे. त्या दहा रुपयांत रस्ता, पूल, सिग्नल आणि दिवसभर कडेला फुकट जागा. मी जुनी गाडी घेतली तर तो टॅक्स पहिल्या मालकानेच भरलेला असतो, मला तेवढेही लागत नाहीत.

२. "छोटी गाडी आहे, कितीशी जागा लागते?" स्वस्त गाडी घेणाऱ्याला स्वस्त पडते, रस्त्याला नाही. साडेतीन मीटरची गाडी आणि चार मीटरची गाडी यांत रस्त्याला अर्ध्या मीटरचा फरक. पुढे-मागे अंतर धरून तीन छोट्या गाड्या जेवढी लांबी घेतात तेवढ्यात बारा मीटरची एक बस बसते. तीन गाड्यांत सकाळी नऊ वाजता माणसं किती असतात? सिग्नलला उभं राहून एकदा मोजा.

३. "मोठी गाडी रोज पळवून झिजवण्यापेक्षा छोटी घ्या, मोठी वीकेंडला ठेवा." हा आमच्या नवऱ्याचा आवडता मुद्दा. ऐकायला शहाणपणाचा आहे. पण उभ्या गाडीचा विमा थांबत नाही, आणि वयही थांबत नाही. विकताना गिऱ्हाईक आधी कितवं साल विचारतो, मग किती किलोमीटर ते. वाचतं ते थोडं पेट्रोल आणि थोडं सर्व्हिसिंग, आणि त्यासाठी अख्खी दुसरी गाडी पोसायची.

४. "इलेक्ट्रिक घ्या." रोजच्या खर्चाचा प्रश्न त्याने बराच सुटतो, खरं आहे. धूर नाही, हेही मोलाचं. पण नगर रस्त्यावर ती पेट्रोलच्या गाडीएवढीच जागा अडवते. कोंडीला इंधन कळत नाही.

५. "बायकांच्या सुरक्षिततेचं काय?" हा आक्षेप मी मनापासून मानते. रात्रपाळीची नर्स, हॉटेलातली मुलगी, रात्री उशिरा सुटणारी कॉल सेंटरमधली कर्मचारी, यांनी गाडी घेतली तर मी एक शब्द बोलणार नाही. आजारी आईवडील असलेल्यांनी घेतली तरी नाही. पण विचार करा. ज्या बाईला साडेतीन लाखांची गाडी परवडत नाही, तिच्या सुरक्षिततेचं काय? आमच्या घरी काम करणाऱ्या ताई आणि आमच्या ऑफिसात झाडलोट करणाऱ्या मावशी याच रस्त्यावरून, त्याच अंधारात जातात. सुरक्षितता गाडीच्या काचेआड विकत मिळायला लागली की बाहेरच्या दिव्यांची चौकशी करणारं कुणी उरत नाही.

आणि हेच या दुसऱ्या गाडीचं सगळ्यात मोठं नुकसान आहे. पैसे जातात, कोंडी वाढते, हे तर आहेच. पण आमच्यासारखे लोक, ज्यांना अर्ज लिहिता येतो, माहिती अधिकार टाकता येतो, नगरसेवकाला फोन करता येतो, ते एकेक करून स्टॉपवरून निघून जातात. आपण शाळांचं हेच केलं. महापालिकेच्या शाळेतून आपली मुलं काढली आणि मग त्या शाळेचं गळकं छप्पर हा आपला विषय राहिला नाही. बसचंही तेच चाललंय. ज्याच्या हातात आवाज आहे तो गाडीत, आणि जो स्टॉपवर उभा आहे त्याला विचारतो कोण?

म्हणून आमच्या घराचा निर्णय असा झालाय. दुसरी गाडी घ्यायची नाही. निदान पुढचं एक वर्ष तरी नाही. नवरा पूर्ण पटलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. त्याच्याशी तह असा ठरला की वाचणाऱ्या ९,६०० रुपयांतले तीन हजार दर महिन्याला बाजूला ठेवायचे. मुसळधार पाऊस, उशिरा सुटलेली मीटिंग, सासूबाईंचे डॉक्टर, अशा दिवशी जीव न जाळता सरळ कॅब बोलवायची. खात्री लागते ती महिन्यातल्या पाच-सहा दिवशी. तीस दिवसांसाठी गाडी विकत घेण्यापेक्षा त्या पाच-सहा दिवसांची खात्री भाड्याने घेतलेली स्वस्त पडते. उरलेले साडेसहा हजार सरळ आरडीत.

पण हा झाला एका घराचा उपाय. त्याने शहर सुटत नाही. मागण्या तीनच आहेत आणि तिन्हींना नवा पूल लागत नाही.

एक, मेट्रोच्या टोकाच्या स्थानकांवरून नोकरीच्या भागात आणि मोठ्या वस्त्यांत सकाळ-संध्याकाळ दर दहा मिनिटांनी छोटी बस. आहेत त्या फीडर मार्गांवर हा नियम लावा आणि वेळापत्रक स्थानकावर लिहा. बस भरली नाही तरी महिनाभर ती चालू ठेवा. लोक खात्री पटल्यावर येतात, खात्रीच्या आधी नाही.

दोन, रामवाडीसारख्या स्थानकांबाहेर ठरलेल्या भाड्याचे शेअर रिक्षा स्टँड, दराचा फलक मोठ्या अक्षरात. पाच किलोमीटरचे ८५ रुपये तीन जणांत वाटले तर माणशी तीस सुद्धा होत नाहीत. रिक्षावाल्याचं नुकसान नाही, माझी घासाघीस नाही.

तीन, आयटी पार्कमधल्या कंपन्यांनी कर्मचाऱ्याला गाडीसाठी जेवढी जागा फुकट दिली आहे, तेवढ्या किमतीचा मेट्रो-बसचा पास गाडी न आणणाऱ्यालाही द्यावा. सध्या गाडी आणणाऱ्याला बक्षीस आणि चालत येणाऱ्याला कौतुक, असा न्याय आहे.

यातलं कुठलंही काम सात वर्षांचं नाही. बस आणि रिक्षाचं मनात आणलं तर एका पावसाळ्याच्या आत होईल.

ज्यांनी दुसरी गाडी घेतलीय त्यांच्यावर माझा राग नाही. तुम्हाला ढकललं गेलंय, हे मला माहीत आहे, मीही त्याच कड्यावर उभी आहे. पण घेतली असलीत तरी एक करा: बसबद्दल बोलणं सोडू नका. तुमच्या पुढची गाडी कमी होईल ती दुसऱ्या कुणाला बस मिळाली तरच.

कमेंटमध्ये "छान लिहिलंय ताई" नको. तुमचं घर कुठे, ऑफिस कुठे, एका फेरीला किती रुपये आणि किती वेळ लागतो, आणि कुठले दोन-चार किलोमीटर तुमचा घात करतात, तेवढं लिहा. शंभर जणांचे आकडे जमले तर मी एक तक्ता करून पीएमपी आणि दोन्ही महापालिकांना रीतसर पाठवते. पोच मिळाली की इथेच टाकेन.